धातूची झडप आणि सत्तर वर्षांपूर्वीची गोळी

प्रति,
महासंचालक, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर)
महासंचालक, सीएसआयआर
भारताचे औषध महानियंत्रक
सचिव, औषधनिर्माण विभाग
आणि रक्ताची गुठळी रोखणाऱ्या औषधांवर काम करणाऱ्या कंपन्यांचे संशोधनप्रमुख



रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांची एक नवी पिढी येऊ घातली आहे. ‘फॅक्टर अकरा’ नावाच्या घटकाला अडवणाऱ्या या औषधांच्या चाचण्या हजारो रुग्णांवर चालू आहेत आणि हृदयरोगाच्या प्रत्येक मोठ्या परिषदेत त्यांची चर्चा आहे. मी सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करते. अशा चाचणीचा आराखडा हाती आला की मी आधी एकच गोष्ट बघते: ज्यांच्या हृदयात कृत्रिम मेकॅनिकल झडप बसवलेली आहे, अशा रुग्णांना यात घेतलं आहे का? बहुतेक वेळा ते सापडतात ‘यांना घेऊ नये’ या रकान्यात. त्या रकान्याबद्दल आपल्याशी जाहीरपणे बोलावं, म्हणून हे पत्र.

हे रुग्ण कोण आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही सांगते, कारण कागदावर ते फार पुसट दिसतात. लहानपणी घसा धरला, मग सांधे सुजले, ताप आला. घरच्यांनी अंगावर काढलं. संधिवाताच्या त्या तापाने हृदयाची मायट्रल झडप हळूहळू आकसत गेली आणि विशी-पंचविशीत जिना चढताना, हंडा उचलताना दम लागू लागला. कित्येक बायकांचं निदान तर पहिल्या बाळंतपणातच होतं. पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मोठ्या शहरात शस्त्रक्रिया होते आणि मेकॅनिकल झडप बसते. तरुण माणसाला हीच झडप बसवतात, कारण प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप तरुण शरीरात लवकर खराब होते आणि छाती पुन्हा उघडावी लागते. मेकॅनिकल झडप आयुष्यभर टिकू शकते. मात्र तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळीही आयुष्यभर घ्यावी लागते.

ती गोळी म्हणजे वॉरफेरिन, किंवा आपल्याकडे जास्त चालणारं तिचं भावंड, असेनोकुमेरॉल. रुग्ण तिला ‘ॲसिट्रॉम’ म्हणूनच ओळखतात. या औषधांचा उगम १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत सापडतो. तिथे सडलेला स्वीट क्लोव्हर खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या चमूने त्यामागचं रसायन शोधलं. त्यातूनच पुढे १९४८ मध्ये वॉरफेरिन बाजारात आलं, ते उंदीर मारण्यासाठी. माणसांसाठी त्याला १९५४ मध्ये परवानगी मिळाली. या गोळीने लाखो जीव वाचवले आहेत आणि मी तिचा अनादर करत नाही. पण तिच्यासोबत जगणं काय असतं, हे पाहायला आमच्या ओपीडीत यावं लागेल.

ही गोळी शरीरातल्या ‘के’ जीवनसत्त्वाचं चक्र अडवते, त्यामुळे रक्त गोठवणारे चार घटक यकृतात नीट तयार होत नाहीत. किती अडवायचं ते आयएनआर या तपासणीवरून ठरतं. निरोगी माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो. मेकॅनिकल मायट्रल झडप असलेल्याचा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा. अडीचच्या खाली गेला तर झडपेवर गुठळी होऊन ती अडकू शकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन अर्धांग होतं. फार वर गेला तर रक्तस्राव. एवढ्याशा पट्ट्यात माणसाने तीस-चाळीस वर्षं राहायचं.

आता पावसाळ्याचं घ्या. आमच्या भागात आषाढ लागला की आयएनआर खाली यायला लागतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या रानभाज्या रोजच्या जेवणात येतात आणि हिरव्या पाल्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं. ‘पालेभाजी बंद करा’ असं चिठ्ठीवर लिहिणं सोपं आहे. पण त्या दिवसांत कित्येक घरांत शिजवायला दुसरं काही नसतं, आणि जे आहे ते सकस आहे. म्हणून मी भाजी बंद करत नाही, गोळी वाढवते आणि भाद्रपद सरला की पुन्हा कमी करते. हे जमतं ते रुग्ण महिन्यातून एकदा तपासणीला आला तरच. पाड्यावरून एसटीने यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वर तिकीट आणि लॅबचे पैसे.

अशाच एका पावसाळ्यात सत्तावीस वर्षांची एक बाई आली. आयएनआरची वही भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आणलेली. वहीत दर महिन्याचा आकडा, त्यापुढे डोस: ‘सोम ते शुक्र २, शनि-रवि ३’. अर्धी गोळी करायची असली की ती ब्लेडने कापते आणि उरलेला तुकडा काड्यापेटीत ठेवते. “मॅडम, पाळी थांबतच नाही,” एवढंच ती म्हणाली. हिरड्यांतून रक्त येत होतं, दंडावर काळेनिळे डाग होते. आयएनआर सातच्या वर. लघवीला जळजळ होते म्हणून तिने कुठून तरी को-ट्रायमॉक्साझोल घेतलं होतं आणि त्याने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर कितीतरी वाढवला. आता उपाय काय? ‘के’ जीवनसत्त्व जास्त दिलं तर रक्त थांबेल, पण झडप अडकेल. फार कमी दिलं तर रक्त वाहत राहील. आम्ही अगदी थोड्या मात्रेवर तिला सावरलं, दोन पिशव्या रक्त चढवलं, ती घरी गेली. अशी प्रत्येक जण घरी जात नाही.

उलटा प्रकार क्षयाच्या रुग्णांत होतो. रिफॅम्पिसिन सुरू झालं की यकृत ही गोळी भराभर संपवतं, आयएनआर कोसळतो. डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो आणि क्षयाचा कोर्स संपल्यावर तितक्याच काळजीने उतरवावा लागतो. ज्या देशात क्षय आणि संधिवाताचा हृदयरोग हे दोन्ही एकाच वस्तीत राहतात, तिथे हा पेच पाठ्यपुस्तकातली तळटीप नसतो.

आणि गर्भारपण. गर्भारपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत वॉरफेरिनमुळे बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीत दोष राहू शकतो. जास्त डोस लागणाऱ्या बाईत हा धोका अधिक. गोळी बंद करून हेपॅरिनची इंजेक्शनं द्यावीत तर ती दिवसातून दोनदा टोचायची, डोस रक्त तपासून ठरवायचा, आणि तरीही त्या काळात झडपेवर गुठळी होण्याची भीती वाढते. आईचा जीव की बाळाचं अंग, असा प्रश्न नवरा-बायकोसमोर बसून विचारायची वेळ माझ्यावर येते. एकविसाव्या शतकात त्या प्रश्नाला याहून बरं उत्तर असायला हवं होतं.

या काळात नवी औषधं आली नाहीत असं नाही. २००९ मध्ये डाबिगाट्रानची रि-लाय ही १८,११३ रुग्णांची चाचणी आली, मग रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन. आयएनआर नको, पालेभाजीचं पथ्य नको. पण या सगळ्या मोठ्या चाचण्यांतून मेकॅनिकल झडपेचे आणि मायट्रल झडप बरीच आकसलेले रुग्ण वगळलेले होते. श्रीमंत देशांतल्या वयस्क माणसांच्या हृदयाची लय बिघडते, त्यांच्यासाठी ही औषधं घडवली गेली आणि त्यांना ती उत्तम लागू पडली. याचा मला आनंदच आहे. माझ्याही कितीतरी म्हाताऱ्या रुग्णांना त्यांचा फायदा होतो, आणि पेटंटं संपल्यावर आपल्याच कंपन्यांनी त्या गोळ्या स्वस्त केल्या.

मेकॅनिकल झडपेवर ही औषधं वापरून पाहिली गेली, हेही खरं. डाबिगाट्रानची रि-अलाइन ही चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१३ मध्ये तिचे निकाल छापून आले. २५२ रुग्णांपैकी डाबिगाट्रान घेणाऱ्यांत ५ टक्क्यांना पक्षाघात झाला, वॉरफेरिनवरच्या एकालाही नाही, आणि रक्तस्रावही डाबिगाट्रानवर जास्त. महाधमनीच्या ऑन-एक्स झडपेवर अपिक्साबॅन देऊन पाहणारी चाचणीही २०२२ मध्ये थांबवली गेली, कारण तेच: गुठळ्या वाढल्या. त्याच वर्षी इन्व्हिक्टस ही चाचणी आली. तिच्या प्रमुख संशोधकांत दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन होते. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतले, संधिवाताने हृदय बिघडलेले साडेचार हजार रुग्ण तिच्यात होते. रिव्हारॉक्साबॅन निदान वॉरफेरिनच्या तोडीचं ठरेल, असं वाटत होतं. प्रत्यक्षात जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले.

हा निकाल मी फार मोलाचा मानते. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या आजाराच्या रुग्णांवर जे चाललं ते आपल्या रुग्णांवर चालेलच असं धरून चालता येत नाही, हे त्याने दाखवलं. ते कळलं कशामुळे, तर कोणीतरी आपल्या रुग्णांना चाचणीत घेतलं म्हणून. जे डॉक्टर ‘आयएनआरची कटकट नको’ म्हणून मेकॅनिकल झडपेच्या रुग्णाला अपिक्साबॅन लिहून देतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी हे निकाल एकदा वाचावेत.

आता फॅक्टर अकराकडे येते, कारण या पत्राचं खरं निमित्त तेच. रक्त एखाद्या परक्या पृष्ठभागाला लागलं, म्हणजे धातूला, कार्बनला, नळीला, की फॅक्टर बारा जागा होतो. तो अकराला जागवतो आणि साखळी पुढे पेटत जाते. झडपेवरच्या गुठळीचा मोठा भाग याच वाटेने येतो, आणि शेवटच्या टोकाला बसून एकट्या थ्रॉम्बिनला अडवणारं डाबिगाट्रान तिथे अपुरं पडलं असावं, असं अनेक संशोधकांना वाटतं. जखम झाल्यावर रक्त थांबवायला मात्र शरीर मुख्यतः दुसऱ्या वाटेने जातं. ज्यांच्यात फॅक्टर अकरा जन्मतःच कमी असतो, अशी माणसं १९५३ पासून वैद्यकाला माहीत आहेत. त्यांना आपोआप रक्तस्राव फारसा होत नाही, आणि इस्राएलमधल्या अभ्यासांत त्यांच्यात पायांतल्या नसांच्या गुठळ्या आणि पक्षाघात कमी आढळले. गुठळी अडवायची पण जखमेवरचं रक्त थांबू द्यायचं, अशी जागा निसर्गानेच दाखवून दिली आहे. परक्या पृष्ठभागामुळे होणाऱ्या गुठळीसाठी तर ती नेमकी लागू पडण्यासारखी आहे.

घाई नको, हेही मी जाणते. असुंडेक्सियन या गोळीची हृदयाच्या लयीवरची चाचणी, १४ हजारांवर रुग्णांची, नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबवावी लागली, कारण रक्तस्राव कमी झाला तरी पक्षाघात अपिक्साबॅनपेक्षा जास्त झाले. त्याच गोळीने पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांत पुन्हा पक्षाघात होणं कमी केलं, असं कंपनीने २०२५ च्या अखेरीस जाहीर केलं. महिन्यातून एकदा टोचायचं अबेलासिमॅब हे प्रतिपिंड रिव्हारॉक्साबॅनशी ताडून पाहिलं, तेव्हा रक्तस्राव निम्म्याहून कमी झाला. म्हणजे एकच घटक अडवूनही कुठल्या आजारात किती फायदा, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासावं लागतं. मग मेकॅनिकल झडपेवर तपासायचं कोणी?

कंपन्यांच्या संशोधनप्रमुखांना मी दोष देत नाही. त्यांचा हिशोब मला कळतो. श्रीमंत देशांत संधिवाताचा हृदयरोग जवळजवळ संपला. तिथल्या वयस्क रुग्णांना ऊतींची झडप बसते, कित्येकांना मांडीतल्या धमनीतून. मेकॅनिकल झडपेची बाजारपेठ तिथे आटते आहे आणि जिथे ती उरली आहे तिथे रुग्णाच्या खिशात पैसा नाही. अशा वेळी सार्वजनिक पैशाने पुढे यायचं असतं. म्हणून हे पत्र आधी आयसीएमआर आणि सीएसआयआरच्या नावे आहे.

आपण हे करू शकतो, याचा दाखला आपल्याच घरात आहे. परदेशी झडप परवडत नाही म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने स्वतःची झडप घडवली. आधीची प्रारूपं एकापाठोपाठ फसली. त्यांनी नेट सोडला नाही. ६ डिसेंबर १९९० रोजी चित्रा झडप पहिल्यांदा एका रुग्णाच्या हृदयात बसली आणि त्यानंतर लाखावर माणसांना ती मिळाली. झडप आपण केली. तिला जपणारं औषध मात्र दुसऱ्याने, दुसऱ्यांच्या गरजेसाठी, कधीतरी करावं म्हणून आपण वाट बघत बसलो आहोत.

गुठळीच्या औषधांतही आपलं काम लहान नाही. चंदीगडच्या इमटेकमध्ये डॉ. गिरीश साहनी यांनी गुठळीपुरतंच काम करणारं स्ट्रेप्टोकायनेज घडवलं. २००६ मध्ये ते तंत्रज्ञान एका अमेरिकी कंपनीला दिलं गेलं. लखनौच्या सीडीआरआयच्या एस००७-८६७ या रेणूला पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचणीची परवानगी मिळाली. पुण्यात बनलेलं टेनेक्टेप्लेज पक्षाघातासाठी आपल्याकडे वापरात होतं, त्याच्या कितीतरी नंतर, २०२५ मध्ये, अमेरिकेने त्या आजारासाठी या औषधाला मान्यता दिली. आणि टिरोफिबॅन या गुठळी रोखणाऱ्या औषधाची गोष्ट मला कोकणातल्या विद्यार्थ्यांना सांगाविशी वाटते: फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाचा अभ्यास करून तो रेणू रचला गेला. तेच फुरसं, जे रत्नागिरी-सिंधुदुर्गात दरवर्षी माणसांना चावतं. रेणू रचला गेला तो मात्र अमेरिकेत.

म्हणून माझं मागणं स्पष्ट शब्दांत लिहिते. फॅक्टर अकरा रोखणाऱ्या एखाद्या तरी औषधाची मेकॅनिकल झडपेच्या रुग्णांवरची चाचणी भारतात, सार्वजनिक पैशाने, आयसीएमआरच्या देखरेखीखाली व्हावी. पहिल्या टप्प्यासाठी आयसीएमआरने उभं केलेलं जाळं आहेच. त्यात मुंबईचं केईएम आणि नवी मुंबईचं ॲक्ट्रेक आहे. केईएमच्या आवारातच राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, जिथे रक्त गोठण्याच्या विकारांवर दशकानुदशकं काम झालं आहे. औषधनिर्माण आणि वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली. त्यातला एक वाटा या रुग्णांच्या नावाने बाजूला काढा. सुरुवात अगदी सावध असू दे: शस्त्रक्रिया होऊन काही महिने झालेले, कमी धोक्याचे रुग्ण, लहान गट, दर थोड्या दिवसांनी इको, आणि गुठळीची पहिली खूण दिसताच थांबवण्याचा अधिकार असलेली स्वतंत्र समिती. रि-अलाइनच्या रुग्णांनी जी किंमत मोजली ती पुन्हा कोणी मोजता कामा नये.

औषध महानियंत्रकांना विनंती अशी की, परदेशी औषधाला इथे मान्यता देताना कंपनीला एक प्रश्न लेखी विचारा: भारतात ज्यांना या औषधाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्यावर अभ्यास करण्याचा तुमचा काय बेत आहे? २०१९ च्या नियमांत चाचणीतल्या इजेची भरपाई आहे, चाचणी संपल्यावरही रुग्णाला औषध देण्याची तरतूद आहे. ती पाड्यावरच्या माणसापर्यंत पोचते का, हे आपल्या कार्यालयाने जातीने पाहावं. संमतीपत्र माझ्या रुग्णाच्या बोलीत वाचून दाखवलेलं असावं. आणि रेणू निवडतानाच गर्भारपणाचा विचार व्हावा. सगळं झाल्यावर ‘गरोदर स्त्रियांत वापरू नये’ ही ओळ छापून मोकळं होऊ नये. हेपॅरिनचा रेणू मोठा असल्याने वार ओलांडत नाही, हे शतकभर जुनं औषध आपल्याला शिकवतं आहे. त्या दिशेने काम करणारी एक प्रयोगशाळा तरी सीएसआयआरने नेमून द्यावी.

नवं औषध यायला दहा वर्षं लागतील, कदाचित जास्त. तोवर जुन्या गोळीला नीट वागवायला हवं. इन्व्हिक्टसमधलीच एक गोष्ट फार कमी लोकांनी लक्षात घेतली: चाचणीत आले तेव्हा जुन्या गोळीवरच्या रुग्णांपैकी जेमतेम एक तृतीयांशांचा आयएनआर पट्ट्यात होता, नियमित तपासणी आणि पाठपुरावा सुरू झाल्यावर हे प्रमाण ५६ ते ६५ टक्क्यांवर गेलं. औषध तेच होतं. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारी यंत्रं जगात केव्हाची आहेत, पण ती आणि त्यांच्या पट्ट्या बाहेरून येतात आणि महाग पडतात. साखर तपासायची पट्टी जशी आज प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, तशी ही मिळाली तर माझ्या रुग्णाची मजुरी बुडणार नाही आणि आशाताईलाही आकडा वाचता येईल. यासाठी कुठल्याही नव्या विज्ञानाची गरज नाही. ज्या सरकारने झडपेचा खर्च उचलला, त्याने ती झडप चालू ठेवण्याचा खर्चही त्याच योजनेत, आयुष्यभरासाठी, धरावा.

चाचणीसाठी रुग्ण कुठून आणायचे, असा प्रश्न पडला तर उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या, तालुक्यातल्या डॉक्टरांना विचारा. आमच्यापैकी कित्येकांकडे या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत: कोणती झडप, कधी बसवली, दर महिन्याचा आयएनआर, कोणत्या औषधाने तो बिघडला, कोणाला रक्तस्राव झाला, कोणाची झडप अडकली, कोणत्या बाईचं गर्भारपण कसं पार पडलं. त्या वह्यांत आहेत, एकत्र कुठेच नाहीत. नोंदणीचा एकच नमुना ठरवून आम्हाला पाठवा. आम्ही तो भरून देऊ.

आपली,
तालुक्याच्या गावी काम करणारी एक फिजिशियन